विपळाचा आठवा भाग

आपल्या पंचांगात काळाची जी मापे दिलेली असतात, ती आज फारसे कोणी वाचीत नाही. साठ विपळांचे एक पळ, साठ पळांची एक घटका, हे पाठांतर आमच्या पिढीपर्यंत कसेबसे आले व तेथेच थांबले. इंग्रजी हिशोबाने घटका चोवीस मिनिटांची, पळ चोवीस सेकंदांचे आणि विपळ सेकंदाच्या दोन पंचमांशांएवढे. लग्नघरी घंगाळात घटिकापात्र सोडून ते बुडण्याची वाट पाहात बसलेले भटजी मी लहानपणी पाहिले आहेत. पण विपळाची गरज त्यांनाही कधी पडली नाही. पळभर इकडेतिकडे झाल्याने मुहूर्त टळत नाही, असे ते खुशाल सांगत. मग इतके सूक्ष्म माप आपल्या पूर्वजांनी कशाकरिता करून ठेवले असावे, असा प्रश्न मला पडे. त्या मापाचा एक चोख उपयोग मला सापडला तो ६ ऑगस्ट २०२२ या दिवशी.

त्या दिवशी इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांमध्ये तीन हजार मीटरांची अडथळ्यांची शर्यत झाली. तीस स्टीपलचेस असे नाव आहे. केनियाचा अब्राहम किबिवोट ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत पहिला आला आणि बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंदांत दुसरा. दोघांमधील अंतर पाच शतांश सेकंदाचे, म्हणजे आपल्या मापाने विपळाचा आठवा भाग! त्या वेगाने धावणारा मनुष्य एवढ्या अवधीत हातभरही पुढे सरकत नाही. १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची सुवर्ण, रौप्य आणि कांस्य ही तिन्ही पदके केनियाच्याच धावपटूंनी नेली होती. त्या ओळीत दुसऱ्या देशाचा पहिला माणूस शिरला तो आपला मराठी.

आणि तो आमच्यापासून फार दूरचाही नव्हे. आमच्या कवठे येमाईहून शिरूर गाठावे, तेथून नगररस्त्याने अहिल्यानगर, आणि त्यापुढे आष्टी तालुक्यात शिरले की मांडव्याचा मुलूख लागतो. त्या बाजूची माणसे आम्हांस अपरिचित नाहीत. दर हंगामात बीड जिल्ह्यातून ऊसतोडीची बिऱ्हाडे आमच्या शिवारात येऊन उतरतात. पाचटाच्या खोप्यांपुढे त्यांच्या चुली पेटतात आणि त्यांची मुले बैलांच्या मागे धावत असतात. त्या मुलांच्या धावण्याकडे आम्ही कोणी कधी घड्याळ लावून पाहिले नाही, हे मात्र खरे.

मी स्वतः क्रीडाशास्त्राचा जाणकार नाही. या विषयात मी जो शिरलो त्यास कारण माझा भाचा. माझ्या धाकट्या बहिणीचा हा मुलगा बारावी उत्तीर्ण झाला. परंतु अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेत मनासारखे गुण न पडल्यामुळे एक वर्ष थांबला आहे. पुण्याच्या सदनिकेत लक्ष लागत नाही म्हणून त्यास आमच्या येथे, कवठ्याच्या जुन्या घरी, अभ्यासास पाठविण्यात आले. येताना त्याने दोन खोकी पुस्तके आणली आणि एक बुटांचा जोड आणला. पुस्तके तो वाचतो, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण रोज उजाडण्यापूर्वी तो मलठणच्या रस्त्याने धावावयास जाऊ लागला, आणि ही वार्ता त्याच्या मामीच्या तोंडून दूरध्वनीवरून पुण्यास पोचली. त्याच संध्याकाळी बहिणीने मला गाठले.

“दादा, मी त्याला अभ्यासाला पाठवलं होतं. पळून कोणाचं पोट भरलंय आपल्यात?”

या ‘आपल्यात’ शब्दावर मी पुष्कळ विचार केला. धावणे हे पलटणीत भरती होणाऱ्याचे काम, आपण पांढरपेशांनी फार तर सूर्यनमस्कार घालावेत, ही समजूत आपल्या घरांतून इतकी मुरलेली आहे की ती कोणी बोलून दाखविली तरच ध्यानात येते. असो. बहिणीचे दुसरे भय मात्र अगदी साधार होते. आमचा शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो, आणि या पट्ट्यात उसाच्या फडांतून बिबट्यांचा वावर किती वाढला आहे व त्यात किती घरांवर दुःखाचे प्रसंग आले आहेत, हे वृत्तपत्रे वाचणाऱ्यांस सांगावयास नको. तेव्हा पहाटेचे धावणे मी त्याच दिवशी बंद केले. आता तो ऊन चांगले वर आल्यावर गावातील शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेल्या दोनशे मीटरांच्या फेऱ्या मारतो आणि त्याची वेळ मोजण्याचे काम मजकडे आले आहे. उरलेल्या प्रश्नाचे उत्तर मी बहिणीला सवडीने देईन म्हणून सांगितले, आणि साबळे याची सारी कारकीर्द आरंभापासून वाचून काढली.

प्रथम ही शर्यत काय असते ते सांगतो. साडेसात फेऱ्यांच्या या अंतरात अठ्ठावीस वेळा लाकडी अडसर ओलांडावा लागतो आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. अडसर तीन फूट उंच, आणि जाडजूड. छोट्या पल्ल्याच्या अडथळ्यांच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा आडवा होतो; येथे माणूस आडवा होतो. पाण्याच्या खड्ड्यापुढेही असाच अडसर असून त्यावर पाय देऊन बारा फुटांचे पाणी ओलांडावयाचे. पुरती झेप बहुधा साधत नाही आणि एक पाय भिजतोच. ओला बूट घेऊन पुढची फेरी. शिवाय दहापंधरा जण एकाच वेळी त्या अडसरावर येतात, त्यामुळे आपल्या पुढचा चुकला तर त्याचे प्रायश्चित्त आपणांस. ज्यास निर्वेध मार्गाने धावावयाचे असेल त्याने या वाटेला जाऊ नये.

साबळे या वाटेला उशिरानेच गेला. त्याचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. आईवडील शेतकरी, त्याबरोबर वीटभट्टीवर राबणारे. शाळा घरापासून सुमारे सहा किलोमीटर, जाण्यायेण्यास वाहन नाही. तेव्हा कधी चालत, कधी धावत तो जाई. याला कोणी व्यायाम म्हटले नाही, म्हणावयाचे कारणही नव्हते. बारावीनंतर तो महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत दाखल झाला. सियाचेनचे बर्फ, राजस्थानचे वाळवंट आणि सिक्कीम अशा तिन्ही ठिकाणी त्याने नोकरी केली. २०१५ साली सैन्यातील क्रॉसकंट्री शर्यतींत तो उतरला, आणि पुढे अमरीशकुमार या लष्करी प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळला. म्हणजे वयाची विशी उलटेपर्यंत या माणसाने आखलेल्या मैदानावरील स्पर्धेचे शिक्षण असे घेतलेच नव्हते. हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो हसला. बहिणीला सांगितले तेव्हा ती गप्प राहिली.

यापुढची कथा आकड्यांतच सांगितली पाहिजे, कारण धावपटूचे चरित्र आकड्यांतच लिहिले जाते. या शर्यतीचा भारतीय विक्रम गोपाल सैनी यांनी १९८१ साली टोकियो येथे केला होता, ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा. तो सदतीस वर्षे कोणास हलविता आला नाही. २०१८ साली भुवनेश्वर येथे साबळे याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांची नोंद केली. सदतीस वर्षांत एक सेकंद! पुढच्या सहा वर्षांत मात्र त्याच एका माणसाने हा विक्रम आणखी नऊ वेळा मोडला, आणि प्रत्येक वेळी तो त्याचा स्वतःचाच होता. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या डायमंड लीग स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांपर्यंत मजल नेली. सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंद. विक्रम मोडणारे पुष्कळ असतात. पण पुढे कोणी हाकणारा नसताना आपल्याच मागच्या वेळेच्या मागे लागून दहादा ती मागे टाकावयाची, याला वेगळा पिंड लागतो. मधल्या काळात त्याने एका परदेशी शिक्षकाकडील शिक्षण सोडून पुन्हा अमरीशकुमार यांचा हात धरला, आणि पुढे अमेरिकेत जाऊन स्कॉट सिमन्स यांच्याकडेही तो शिकला. गुरू बदलण्याविषयी आपल्याकडे नाक मुरडण्याची चाल आहे. मला तसे वाटत नाही; कोणाकडून काय घ्यावयाचे हे ज्याचे त्यास कळते.

या दहांपैकी दोन विक्रम तीनच दिवसांच्या अंतराने झाले, त्यांची हकीकत मला फार आवडते. ऑक्टोबर २०१९ मध्ये दोहा येथे जागतिक स्पर्धा भरल्या होत्या. प्राथमिक फेरीत एका इथियोपियन धावपटूच्या धडपडण्यामुळे साबळे अडला. ऐन अडसरापाशी त्याचा वेग मोडला. तरीही ८ मिनिटे २५.२३ सेकंद, म्हणजे नवा राष्ट्रीय विक्रम. पण क्रमांक सातवा, आणि अंतिम फेरीत नाव नाही. आपल्या संघाने रीतसर हरकत घेतली, पंचांनी चित्रे पाहिली आणि त्यास सोळावा म्हणून अंतिम फेरीत घेण्यात आले. अशा मागील दाराने आत आलेला मनुष्य बहुधा संकोचाने धावतो. याने अंतिम फेरीत ८ मिनिटे २१.३७ सेकंदांची वेळ दिली. क्रमांक तेरावा आला खरा, पण टोकियो ऑलिंपिकला प्रवेश मिळण्यासाठी ठरविलेली ८ मिनिटे २२ सेकंदांची मर्यादा त्यात पार झाली. १९५२ साली गुलझारासिंग मान यांच्यानंतर या शर्यतीत ऑलिंपिकला पोचणारा तो पहिला भारतीय पुरुष. टोकियोतही त्याने ८ मिनिटे १८.१२ असा विक्रम केला आणि तरीही तो प्राथमिक फेरीतच राहिला; अंतिम फेरीस न पोचलेल्यांत सर्वांत चांगली वेळ त्याचीच होती. असले समाधान कोणाच्या उपयोगी पडत नाही. त्यानंतर वर्षभराने बर्मिंगहॅम.

बर्मिंगहॅमची शर्यत मी भाच्यासोबत पुन्हा पुन्हा पाहिली आहे. केनियाचे तिघे पुढे, आणि त्यांच्या मागोमाग हा, सुटण्याचे नाव नाही. शेवटी सरळ मार्गात उरले दोघेच. तिसरा आलेला अमोस सेरेम पाच सेकंदांहून अधिक मागे पडला. किबिवोट पुढे आणि साबळे त्याला गाठीत आलेला. आणखी दहा पावले असती तर, असे भाचा दर खेपेस म्हणतो. मी त्यास सांगितले की, शर्यत तीन हजार मीटरांचीच होती.

बहिणीचा तिसरा आक्षेप पत्राने आला. अजूनही पत्र लिहिणाऱ्या थोड्या माणसांपैकी ती एक आहे. तिचे म्हणणे, पायांकडे गेलेली शक्ती डोक्यास पुरत नाही, आणि दोन्हीकडे पाहणारा कोठेच पोचत नाही. यावर मला इटलीच्या पिएत्रो मेनेआची आठवण दिली पाहिजे असे वाटले. हा दोनशे मीटरांचा धावपटू. दक्षिण इटलीतील बार्लेत्ता गावी एका शिंप्याच्या घरी १९५२ साली जन्मला. लहानपणी पन्नास मीटरांच्या अंतरावर मोटारगाड्यांशी पैजेने धावून तो पैसे मिळवी, असे सांगतात. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकात त्यास कांस्यपदक मिळाले. १२ सप्टेंबर १९७९ रोजी मेक्सिको शहरी त्याने १९.७२ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. ते शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंच असल्यामुळे विरळ हवेचा त्यास फायदा झाला, असे टीकाकार म्हणत राहिले. पण तो विक्रम मोडावयास १९९६ चा जून उजाडावा लागला. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकात तो अगदी बाहेरच्या, आठव्या पट्टीतून धावला. वळण संपले तेव्हा स्कॉटलंडचा अॅलन वेल्स स्पष्ट पुढे होता. मेनेआने त्यास गाठले आणि दोन शतांश सेकंदांनी सुवर्णपदक घेतले. येथेही विपळाचा विसावा भाग! आता बहिणीच्या प्रश्नाचा भाग. पाच ऑलिंपिक स्पर्धांत उतरलेल्या या माणसाने कायद्यासह चार पदव्या मिळविल्या, वकिली केली, पुस्तके लिहिली आणि १९९९ ते २००४ या काळात तो युरोपीय संसदेचा सभासद होता. २०१३ साली तो वारला.

एवढे लिहून मी बहिणीला हेही कळविले की, मेनेआ हा अपवाद आहे, आणि अपवादावर घरातील मुलाचे वर्ष लावू नये. हे लिहिले नसते तर तिने ते मला लिहिले असते.

तिच्या मनावर अधिक परिणाम झाला तो मात्र आपल्याच ललिता बाबर यांच्या उदाहरणाचा. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील, दुष्काळी भागातील ही मुलगी. २०१६ साली रिओ ऑलिंपिकात याच अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत ती पोचली आणि दहावी आली. १९८४ साली पी. टी. उषा लॉस एंजेलिस येथे चारशे मीटर अडथळ्यांत चौथी आली होती, एक शतांश सेकंदाने कांस्यपदक हुकून. त्यानंतर बत्तीस वर्षांनी धावमार्गावरील वैयक्तिक शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत दिसलेली ही पहिली भारतीय स्त्री. पुढे राज्य शासनाच्या महसूल खात्यात ती अधिकारी झाली. “अधिकारी झाली, हे आधी सांगायचं होतंस,” असे बहीण म्हणाली. पोटाचा प्रश्न तिने विचारला होता, तेव्हा हे उत्तर तिला पटले यात नवल नाही. मला स्वतःला ललिताबाईंचा दहावा क्रमांक त्यांच्या हुद्द्यापेक्षा मोठा वाटतो. पण तो वाद मी वाढविला नाही.

दहावा, अकरावा, तेरावा या क्रमांकांविषयी मला थोडे बोलावयाचे आहे. २०२३ साली बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत साबळे प्राथमिक फेरीतच राहिला तेव्हा पुष्कळांनी त्याची गणती संपविली होती. दीड महिन्याने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत त्याने ८ मिनिटे १९.५० सेकंदांत, त्या स्पर्धांच्या नव्या उच्चांकासह, सुवर्णपदक जिंकले आणि पाच हजार मीटरांत रौप्यपदकही. तेव्हा हार पडले. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकात तो अंतिम फेरीत पोचला; पुरुषांच्या या शर्यतीत तसे करणारा पहिला भारतीय. अंतिम फेरीत ८ मिनिटे १४.१८ सेकंद आणि अकरावा क्रमांक. दुसऱ्या दिवशी आमच्या चावडीपुढील पारावर “अकरावा म्हणजे काय आला?” अशी चर्चा मी ऐकली. मोरोक्कोचा सुफियान एल बक्काली ८ मिनिटे ६.०५ सेकंदांत पहिला आला होता, म्हणजे दोघांत आठ सेकंदांचे अंतर. आपल्या घरी शाळेत अकराव्या आलेल्या मुलाला आपण जे बोलतो तेच शब्द पारावर चालले होते. साऱ्या जगातील तरण्याताठ्या माणसांमध्ये अकरावा, हे वाक्य पुरते उच्चारावयास कोणी तयार नव्हते.

मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे साबळे पुन्हा आशियाचा विजेता झाला, ८ मिनिटे २०.९२ सेकंदांत. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, ११ जुलै रोजी, मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडसरापाशी तो कोसळला. गुडघ्याचा स्नायुबंध तुटला, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. इतकी वर्षे, इतक्या शर्यती, प्रत्येकीत पस्तीस अडथळे. त्यांतला एक असा निघतो. ही बातमी मी बहिणीपासून लपवून ठेवली नाही. उलट ती भाऊबीजेला आली तेव्हा ओवाळणीनंतर मीच विषय काढला, कारण पडण्याची गोष्ट गाळून धावण्याची गोष्ट सांगणे मला प्रशस्त वाटेना. भाचा जवळच बसला होता. तिने त्यालाच विचारले, “तुझा गुडघा गेला तर?” तो म्हणाला, “गुडघा बरा होईपर्यंत बसून वाचता येतं, आई.” उत्तर धीट होते, मला वाटते, त्याने ते आधीच जुळवून ठेवले असावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मैदानावर आली. पायरीवर पदर घेऊन बसली आणि सारा वेळ एक शब्द बोलली नाही. त्याने पंधराशे मीटर ४ मिनिटे ४१ सेकंदांत संपविले. श्रावणात हीच वेळ ४ मिनिटे ५८ होती, हे मी तिला वहीतून दाखविले. हा आकडा कोठल्याही स्पर्धेत लाज राखण्याइतका नाही, हेही सांगितले. तिने वही हातात घेऊन मागची पाने चाळली. गणिताच्या सराव-परीक्षांचे गुण त्याच वहीत दुसऱ्या बाजूने लिहिलेले होते. ते तिने अधिक बारकाईने वाचले. त्यांतही दोन ठिकाणी चढ होता, एका ठिकाणी उतार.

शेवटी ठरले ते असे. परीक्षा होईपर्यंत रोज एक तास, सूर्य उगवल्यानंतर, आणि स्पर्धेचे नाव काढावयाचे नाही. परीक्षा संपली की पुण्यास एखाद्या जाणत्या शिक्षकापुढे त्यास उभे करावयाचे आणि तो सांगेल ते तिघांनी ऐकावयाचे. रविवारी पूर्ण विश्रांती, ही अट माझी. जुना बूट टाचेशी झिजला आहे हे तिच्या ध्यानात आले होते. निघताना तिने भाच्याच्या पायाचे माप नऊ म्हणून कागदावर टिपून घेतले. मी गाडीच्या खिडकीशी जाऊन साडेनऊ लिही म्हणून सांगितले, कारण जाड मोजा घातला की नऊ नंबर त्याला आवळतो.